डझनकाकांचं पथ्य

हॉस्पिटलच्या मोठ्या फाटकावर एक पाटी होती : 'हातगाड्यांना आत येण्यास सक्त मनाई'. त्या पाटीच्या बरोब्बर खाली डझनकाकांची केळ्यांची गाडी एकतीस वर्षं उभी होती. पाटीतला शब्द न् शब्द त्यांनी पाळला होता. गाडीचं चाक फाटकाच्या रेघेच्या आत बोटभरही कधी गेलं नव्हतं.

त्यांचं खरं नाव परवान्यावर होतं आणि परवाना घरी पेटीच्या तळाशी, त्यामुळे ते कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. डझनकाका हे नाव पडलं ते त्यांच्या जिभेमुळे. डझनाच्या खाली केळी घेऊन त्यांच्या गाडीवरून कुणी गेल्याचं ऐकिवात नव्हतं. ते अडवणूक करत असं नाही. दोन मागितली तर दोनही देत. पण ती दोन केळी फणीतून सोडवेपर्यंत ते जे काही बोलत, ते ऐकून माणसाला स्वतःचीच लाज वाटायला लागे. आत आपला माणूस पडलेला, आणि आपण दोन केळी मागतोय!

"पेशंट कोण?" एवढं ते विचारत. आई म्हटलं तर आईला केळ्यासारखं दुसरं काही नाही, कारण दात असोत नसोत, अडत नाही. मेहुणा म्हटलं तर मेहुण्याला केळ्यासारखं दुसरं काही नाही, कारण खाल्ल्या खाल्ल्या अंगात तरतरी. मग पोटाला हलकं, मग चोथा असतो म्हणून पोट साफ, मग धुवायला नको, कापायला नको, सुरी लागत नाही, आणि शेवटी पोटॅशियम. हा शब्द त्यांना एका कॅलेंडरच्या मागच्या पानावर सापडला होता आणि तो ते असा उच्चारत, जणू पोटॅशियम हा त्यांचा सख्खा मावसभाऊ असून मोठ्या हुद्द्यावर आहे.

केळं खाऊन झालं तरी काका सोडत नसत. साल फेकू नका. आतल्या बाजूने बुटावर चोळा, वरून कोरडं फडकं मारा, तोंड दिसेल. फाटकावरच्या वॉचमनचे बूट त्यांच्याच कृपेने चमकत. कुंडीतल्या झाडाची पानं सालीने पुसली की धूळ जाते. कच्ची फळं केळ्याबरोबर कागदी पिशवीत ठेवली की लवकर पिकतात. डास चावला की साल चोळा, खाज थांबते. ती थांबायची की नाही कोण जाणे, पण चोळण्याच्या नादात माणूस डास विसरायचा. घरी मात्र सालींना बंदी होती. सात वर्षांपूर्वी काकांनी लाकडी कपाटाला सालीने पॉलिश केलं होतं. कपाट दोन दिवस आरशासारखं चमकलं. तिसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग लागली ती थेट काकूंच्या ठेवणीतल्या कपड्यांपर्यंत. काकू तेव्हा फारसं बोलल्या नाहीत. काकू एरवीही फारसं बोलत नसत. घरातलं बोलणं सगळं काकांच्या वाट्याला गेलं होतं.

तर अशा या माणसाला एका सकाळी गाडीशी उभं राहवेना. पायांत जीव नाही, छातीत मधेच धडधड, मधेच काहीच नाही. आठवडाभर असं चाललं होतं. काकांनी स्वतःच निदान केलं : पोटॅशियम कमी पडतंय. रोजची सहा केळी ते खातच असत. त्यात त्यांनी चार वाढवली. पाय आणखी लटपटायला लागले, तेव्हा आणखी दोन. त्या सकाळी बारावं केळं हातात असतानाच ते गाडीवर आडवे झाले.

वॉचमन धावला, पलीकडचा चहावाला धावला. स्ट्रेचर आणायचं तर आत जायचं, कागद करायचा, सही आणायची. वॉचमनने एकदा पाटीकडे बघितलं, मग काकांकडे बघितलं, आणि दोघांनी मिळून गाडीच ढकलली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा ती गाडी फाटकाच्या आत गेली. वर काका, काकांच्या उशाला चार फण्या, पायाशी तराजू. अपघात विभागाच्या दारात नर्सने विचारलं, "पेशंट कुठंय?" कारण पहिल्या नजरेला तिला नुसती केळीच दिसली.

दोन दिवस काकांना नळ्या, सुया आणि छातीला चिकटवलेल्या तारा यांखेरीज काही कळलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांना पुरुषांच्या जनरल वॉर्डात हलवलं, आणि डॉक्टर कॉटवर येऊन बसले. हे डॉक्टर काकांचं जुनं गिऱ्हाईक. दर शनिवारी घरी जाताना एक डझन, न चुकता.

डॉक्टरांनी सावकाश सांगितलं. ब्लडप्रेशर कित्येक वर्षांपासून असणार, काकांनी कधी मोजलंच नाही. त्यात गुडघ्यांसाठी मनानेच घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या. मूत्रपिंडं अर्धीअधिक दमली आहेत. औषधं आणि पथ्य सांभाळलं तर बरीच वर्षं निभावतील. मात्र रक्तातलं पोटॅशियम भलतंच चढलं होतं, आणखी थोडं चढतं तर हृदय थांबलं असतं.

"चढलं होतं?" काका म्हणाले. "कमी नव्हतं?"

"साडेसहा होतं. पोटॅशियम वाईट नाही, काका. पण जास्तीचं बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडांचं. तुमची ते करत नाहीयेत. तेव्हा केळी बंद."

"किती दिवस?"

"बंद म्हणजे बंदच."

काकांना वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. त्यांनी अर्ध्या केळ्यापर्यंत घासाघीस करून पाहिली. मग पावापर्यंत आले. डॉक्टर मानेनेच नाही म्हणत राहिले. आहारतज्ज्ञ बाईंनी एक पिवळं कार्ड आणून कॉटच्या पायथ्याशी अडकवलं. त्यावर ठळक अक्षरात लिहिलं होतं : 'केळी पूर्ण वर्ज्य'. काका त्या कार्डाकडे असे बघत राहिले, की जणू आपल्याला घरातून हाकलल्याची नोटीस लागली आहे.

आजाराचं दुःख त्यांना होतंच, पण त्याहून मोठी भीती अब्रूची होती. केळेवाला केळ्यानेच पडला, ही बातमी फाटकापर्यंत गेली तर संपलंच. वॉचमन हसेल, चहावाला हसेल, आणि रस्त्याच्या पलीकडचा तो सफरचंदवाला तर आठवडाभर हसत बसेल. त्या माणसाशी काका एकतीस वर्षांत एक अक्षर बोलले नव्हते. भांडण नव्हतं, एक जण सफरचंद विकत होता आणि दुसरा केळी, एवढं पुरेसं होतं. काकांनी डॉक्टरांकडून आणि वॉर्डाच्या मोठ्या सिस्टरकडून कबूल करून घेतलं की बाहेर कुणाला सांगायचं नाही. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, आम्ही कुणाचंच सांगत नाही, पण काकूंना तुम्ही स्वतः सांगा. काका हो म्हणाले, आणि त्या वळताच त्यांनी अंग पुसायचा ओला पंचा त्या पिवळ्या कार्डावर वाळत घातला.

काकूंना त्यांनी सांगितलं की थकवा आहे. काकूंनी मान डोलावली. गाडी बंद ठेवायची नाही म्हणून त्या आता फाटकावर उभ्या राहत होत्या, आणि भेटायच्या वेळेत दहा मिनिटं वर येऊन जात. येताना चांगली निवडलेली एक डझन केळी घेऊन येत.

मग सुरू झाली खरी पंचाईत. डझनकाका आजारी पडलेत म्हटल्यावर भेटायला कोण येणार नाही? वॉचमन आला, चहावाला आला, औषधांच्या दुकानातला माणूस आला, पूर्वी कधी पेशंट घेऊन आलेली आणि आता तपासणीला आलेली माणसं आली. आणि केळेवाल्याला भेटायला जाताना माणूस काय घेऊन जाणार? प्रत्येकाने खाली काकूंकडून एक डझन घेतली आणि वर काकांच्या हातात दिली. देताना वर काकांचंच सगळं काकांना ऐकवलं. सुरी लागत नाही, पोटाला हलकं. एका बाईने तर पोटॅशियमसुद्धा सांगितलं. काका तोंडभर हसून ऐकून घेत होते आणि सिस्टरच्या नजरेआड फण्या चादरीखाली सरकवत होते.

शेजारच्या कॉटवर एक बस ड्रायव्हर होता. न्यूमोनियातून नुकताच उठलेला, उंचापुरा आणि सतत भुकेलेला. हॉस्पिटलचं जेवण त्याच्या एका गालालाही पुरत नाही अशी त्याची तक्रार होती. काकांनी पहिल्या संध्याकाळी त्याला चार केळी दिली. त्याने ती काका बोलायला लागण्याआधीच संपवली. काकांना हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी दहा दिली. तिसऱ्या दिवशी ड्रायव्हर केळी दिसली की तोंड भिंतीकडे करायला लागला.

"काका, एक वेळ बस घाटात उलटी चालवीन," तो म्हणाला, "पण आता केळं नको."

काकांनी त्याला गळ घातली. तुझ्यामाझ्यात काय परकेपणा आहे, आणि बाकीच्या कॉटवरचे पेशंट भिडस्त आहेत, त्यांना सांगायला गेलो तर बोभाटा होईल. ड्रायव्हर भिडेला बळी पडला आणि खात राहिला. काकू मात्र रोज एकेक डझन वाढवत होत्या. काल एक, आज दोन, उद्या तीन. काकांना कळेना की या बाईला झालंय तरी काय.

सगळ्यात बिकट वेळ आणली वॉचमनने. तो स्टूल ओढून बसला आणि म्हणाला, "काका, माझ्यासमोर एक खा. खाली सगळ्यांना सांगायचंय, काका खायला लागले म्हणून." भेटायची वेळ संपायला बारा मिनिटं होती. काकांनी एक केळं घेतलं. आधी ते उजेडात धरलं आणि सालीवरचे ठिपके कसे ओळखायचे ते सांगितलं. मग सालीची एक पट्टी सोलली आणि केळं देठाकडून सोलावं की बुडाकडून, यावर दोन्ही बाजूंनी बोलले. दुसऱ्या पट्टीला ट्रकमधला माल कसा उतरवावा हे आलं. तिसरी पट्टी सोलली तेव्हा केळं बिचारं उघडं पडलं होतं, आणि काका केळ्याच्या बागेत पाणी कसं द्यावं यावर आले होते. काकांनी बाग आयुष्यात पाहिली नव्हती. घंटा झाली. वॉर्डबॉयने वॉचमनला दंडाला धरून बाहेर काढलं. जाता जाता त्याने वळून बघितलं, तर काका केळं तोंडाजवळ नेऊन हात हलवत होते.

राहिला प्रश्न सालींचा. साली केराच्या डब्यात टाकल्या तर मोठ्या सिस्टर विचारणार, म्हणून काका त्या कॉटशेजारच्या लोखंडी कपाटात साठवायला लागले. पण आयुष्यभर ज्याने साल वाया जाऊ दिली नाही, तो त्या नुसत्या कुजू देईल कसा? दुपारी वॉर्ड झोपला की काका कामाला लागत. ड्रायव्हरचे बूट झाले. समोरच्या कॉटवरच्या निवृत्त कारकुनाच्या चपला झाल्या. वॉर्डाच्या दारात रबराचं एक धूळकट झाड होतं, त्याची पानं एकेक करून पुसली. झाडलोट करणाऱ्या मावशींना त्यांनी विश्वासात घेतलं. मावशी रोज थोड्या साली पदराआड मागच्या गुलाबांच्या वाफ्यात नेऊन पुरत. एवढ्या साली वॉर्डात फिरत होत्या, पण कुणीही घसरून पडलं नाही, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. काका फार जपत.

पण मावशींची एका दिवसाची रजा आली आणि सगळं फसलं. मोठ्या सिस्टर सकाळच्या फेरीला आल्या. आधी त्या दारातल्या झाडापाशी थबकल्या. मग त्यांची नजर कॉटखालच्या बुटांच्या आणि चपलांच्या रांगेवरून फिरली. चौदा कॉट, चौदा लखलखते जोड. मग त्यांनी नाक वर करून वास घेतला आणि वासामागोमाग सरळ काकांच्या कपाटापाशी आल्या. दार उघडलं. वरच्या साली काळ्या, खालच्या त्याहून काळ्या, आणि एकीमागून एक घरंगळत त्यांच्या पांढऱ्या बुटांवर.

त्यांनी आवाज चढवला नाही. नुसतं विचारलं, "काका, किती खाल्लीत?"

"एकही नाही."

हे ऐकून झालेला सिस्टरचा चेहरा काकांनी पाहिला आणि त्यांना कळलं की खरं बोलूनही काही उपयोग नाही. पाच मिनिटांत डॉक्टर आले, हृदयाचा आलेख काढायचं मशीन आलं, रक्त घेऊन एक जण प्रयोगशाळेकडे पळाला. डॉक्टर काकांवर इतके चिडलेले आजवर कुणी पाहिले नव्हते. ते म्हणाले, तुम्हाला मरायचंच होतं तर गाडीवरच मरायचं होतं, आम्ही दोन दिवस कशाला धावलो. काका छातीला तारा लावून पडून होते. शेजारी ड्रायव्हर छताकडे बघत होता. काकांच्या मनात आलं की याचं नाव सांगावं. पण माणसाने आपल्यासाठी सत्तर-ऐंशी केळी खाल्ली, आता त्याला कसं अडकवायचं?

अर्ध्या तासाने रिपोर्ट आला. डॉक्टरांनी तो वाचला. पुन्हा वाचला. नाव पडताळून पाहिलं. पोटॅशियम साडेचार. अगदी जिथे असावं तिथे.

"मग ही कुणी खाल्ली?" डॉक्टर म्हणाले.

आणि ते सावकाश शेजारच्या कॉटकडे वळले. त्या कॉटलाही एक कार्ड होतं, त्यावर रोजच्या साखरेचे आकडे. चार दिवस ते आकडे जिन्याच्या पायऱ्यांसारखे वर वर चालले होते. डॉक्टरांनी दोनदा इन्शुलिन वाढवलं होतं, वरिष्ठांना फोन केला होता, एक पुस्तकही उघडून पाहिलं होतं.

"साहेब, काका फार आग्रह करतात," ड्रायव्हर म्हणाला.

काका उठूनच बसले. "मला काय माहीत तुला साखर आहे ते."

"तुम्ही विचारलंत?" डॉक्टर म्हणाले.

काकांनी विचारलं नव्हतं. याला विचारलं नव्हतं, आणि एकतीस वर्षांत फाटकावर कुणालाही विचारलं नव्हतं. पेशंट कोण, हे विचारलं होतं. पेशंटला काय झालंय, हे कधीच नाही. ताराही काढायच्या राहिल्या होत्या आणि काकांच्या डोळ्यांसमोरून माणसं जायला लागली. एक म्हातारी तर आठवड्यातून दोनदा नवऱ्याला घेऊन रक्त शुद्ध करायच्या मशीनवर यायची. तिला त्यांनी किती डझनं दिली असतील? आणि प्रत्येक डझनाबरोबर पोटॅशियमचं पुराण वेगळं. या आजारात त्यांना पहिल्यांदाच खरी भीती वाटली, आणि ती स्वतःबद्दलची नव्हती.

त्यांनी घाबरत घाबरत डॉक्टरांना त्या म्हातारीबद्दल विचारलं. डॉक्टरांचा राग एव्हाना उतरला होता. ते म्हणाले, त्या बाईंना आम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्या केळी घरी नेऊन शेजाऱ्यांना वाटत. आजोबा अजून येतात मशीनवर, ठीक आहेत.

"मग घ्यायची कशाला?"

"तुम्ही बोलायला लागलात की न घेता पुढे जायचं कुणाला जमतं?" डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी मनातलं सांगूनच टाकलं. "मी दर शनिवारी डझन नेतो, काका. मला केळं आवडत नाही. घरी कुणालाच आवडत नाही."

ड्रायव्हरच्या कॉटवरून खोकल्याचा आवाज आला. तो खोकला नव्हता.

त्या दिवशी भेटायच्या वेळेला काकू आल्या त्या रिकाम्या हाताने. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली हे काकांनी ओळखलं. स्टूलवर बसून त्यांनी आधी पंचा काढला, झटकला, घडी घालून उशाशी ठेवला. पिवळं कार्ड पाच दिवसांनी उघडं पडलं. काका त्याकडे बघायचं टाळत सगळं सांगायला लागले. मूत्रपिंडं, गोळ्या, पोटॅशियम.

"माहितेय," काकू म्हणाल्या.

"आज कळलं ना?"

"पहिल्या दिवशी. ओला पंचा असा कुणी कॉटला वाळत घालतं का? मी तो खिडकीत टाकायला उचलला, तर खाली कार्ड. वाचलं आणि परत टाकला."

काका म्हणाले, "माहीत होतं तर रोज केळी का आणत होतीस?"

"तुम्ही कधी सांगताय ते बघत होते. एक डझन आणलं, गप्प. दोन आणली, गप्प. म्हटलं, तीन आणू, मग तरी तोंड उघडेल. एकतीस वर्षं ज्याला गप्प बसवता आलं नाही, तो माणूस या एका गोष्टीत असा तोंड शिवून बसेल, असं वाटलं नव्हतं मला." त्यांनी पंच्याची घडी पुन्हा नीट केली. "मी काय त्या वॉचमनसारखी हसणार होते?"

काकांनी विचारलं, मी त्यातली खाईन अशी भीती नाही वाटली? काकू म्हणाल्या, मावशी रोज खाली येऊन सांगायच्या, किती आली, कुणी खाल्ली. मग त्यांनी शेजारच्या कॉटकडे बघून जीभ चावली आणि ड्रायव्हरची माफी मागितली. त्याच्या साखरेचं मावशींनाही ठाऊक नव्हतं. ड्रायव्हर म्हणाला, वहिनी, माफी राहू दे, काहीतरी तिखट असेल तर बघा.

आता काकांना धंद्याची काळजी लागली. तुला तर बोलता येत नाही, त्यांनी म्हटलं, गिऱ्हाइकांचं कसं करतेस? काकू म्हणाल्या की तुमचं ते सगळं पाठ म्हणायला गेले, पण दातांचं आधी की सुरीचं आधी, यातच गोंधळ व्हायला लागला. मग काय बोलावं ते सुचेना म्हणून नुसतं विचारलं, पेशंटला काय झालंय. लोक सांगायला लागले. घडाघडा सांगायला लागले. कुणाला बाळ झालंय, कुणाचं पोट कापलंय, कुणाला मूत्रपिंडाचं. आत त्यांचं ऐकायला कुणाला वेळ नसतो. एक बाई तर रडून घेऊन केळी न घेताच गेली, आणि दुसऱ्या दिवशी बहिणीला घेऊन आली. आहारतज्ज्ञ बाईंनी काकूंना एक कागद लिहून दिला होता. ज्यांना केळं चालत नाही, त्यांना काकू देतच नव्हत्या.

"मग त्यांना काय सांगतेस?"

"पलीकडे पाठवते. सफरचंदवाल्याकडे."

मूत्रपिंडांची बातमी काकांनी सोसली होती, डॉक्टरांच्या शनिवारचीही सोसली होती. ही मात्र वर्मी लागली. ते उशीवर मागे टेकले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

"तोही पाठवतो की आपल्याकडे," काकू म्हणाल्या. "बाळंतिणींना, खेळून पाय मोडलेल्या पोरांना. चांगला माणूस आहे. तुमची रोज चौकशी करतो. तुम्ही त्याच्याशी का बोलत नाही, हे त्याला अजून कळलेलं नाही."

काकांनाही ते नीट सांगता आलं नसतं. भेटायची वेळ संपेपर्यंत काकू बसून राहिल्या. मोठ्या सिस्टरनी घंटा झाल्यावरही त्यांना पाच मिनिटं जास्त दिली.

आणखी चार दिवसांनी काकांना घरी सोडलं. ब्लडप्रेशरची गोळी सकाळी, उकळून पाणी टाकलेल्या भाज्या दुपारी, गुडघ्यांना तेल; मनाने कुठलीही गोळी नाही. पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी गाडीवर दोन तास बसायची परवानगी दिली. काका खूश होऊन आले. पण गाडीवर त्यांना काही काम उरलं नव्हतं. लोक सरळ काकूंकडे जात, काकू हळू आवाजात विचारत, ऐकत, मान डोलावत आणि केळी देत. काकांनी एकदोनदा विचारून पाहिलं. पण त्यांचं विचारणंसुद्धा बोलण्यासारखंच होतं. पेशंटला काय झालंय याचं उत्तर मिळायच्या आत ते स्वतःच्या आजाराचं सांगायला लागत, साडेसहापासून. मागे रांग लागे. तिसऱ्या दिवशी काकूंनी त्यांना नीट समजावून सांगितलं की तुम्ही सावलीत बसा.

सावली रस्त्याच्या पलीकडे होती. तिथे सफरचंदवाला होता. पहिल्या दिवशी दोघे एकमेकांकडे बघून नुसते मान हलवून बसले. दुसऱ्या दिवशी त्याने एक सफरचंद पुसून काकांच्या हातात दिलं. काकांनी ते खाल्लं. पथ्यात बसत होतं. चार दिवसांनी काका आहारतज्ज्ञ बाईंना गाठून सफरचंदाबद्दल सगळं विचारून आले, कागदावर लिहून घेतलं, आणि दुसऱ्या सकाळपासून सफरचंदाच्या गाडीशेजारी उभे राहिले. चोथा आला, पाणी आलं, दातांना व्यायाम आला, आणि पोटॅशियम किती बेताचं आहे हेही आलं. एक माणूस दोन सफरचंदं घ्यायला आला होता, तो दोन किलो घेऊन गेला.

त्या संध्याकाळी सफरचंदवाला रस्ता ओलांडून काकूंकडे आला. इकडचं तिकडचं बोलला, केळ्यांचं कौतुक केलं आणि मग कसंबसं म्हणाला, "वहिनी, राग मानू नका, पण काकांना जरा इकडे बोलवाल का? सकाळपासून मला माझ्याच गाडीवर एक शब्द बोलायला मिळालेला नाही."

काकूंनी पलीकडे पाहिलं. काका हातात सफरचंद धरून एका म्हाताऱ्या जोडप्याला काहीतरी समजावत होते, आणि आधी त्यांनी विचारलं होतं की नाही, ते इतक्या लांबून कळत नव्हतं.

"आमच्या गाडीवर दोन तासांचीच तर परवानगी आहे त्यांना," काकू म्हणाल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.